तेरावा गडी

१

दसऱ्याच्या सकाळी सव्वानऊला फोन वाजला, तेव्हा लतिका पुऱ्या लाटत होती आणि तिचा नवरा उपेंद्र गाडीच्या किल्लीकडे आशाळभूत नजरेने बघत बसला होता. किल्ली हातभर अंतरावर होती, पण पूजेत होती. खंडेनवमीच्या संध्याकाळी लतिकाने पाटावर पांढरं कापड अंथरून घरातली सगळी हत्यारं मांडली होती: लेकीची पुस्तकं, उपेंद्रचा कॅल्क्युलेटर, विळी, कारखान्यातली स्वतःची लाकडी हातोडी. एकदा मांडलं की दसऱ्याला दुपारी उत्तरपूजा होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही, ही तिच्या माहेरची शिस्त. उपेंद्रने भक्तीच्या भरात गाडीच्या दोन्ही किल्ल्या ठेवून दिल्या होत्या, आणि आता श्रीखंडाचा चक्का आणायची पंचाईत झाली होती.

फोन मंजुषावहिनींचा होता. बाई एरवी बोलायला लागल्या की फोन कानाला गरम लागेपर्यंत थांबत नसत. आज दोनच वाक्यं बोलल्या. "लतिका, क्लबची वही गेली गं. हे कपाटासमोर बसून राहिलेत, पोलिसांना बोलवू देत नाहीत."

लतिकाने गॅस बंद केला. वही गेली म्हणजे काय गेलं, हे रास अल खैमातल्या प्रत्येक मराठी घराला ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही, तेव्हा आधी तेच सांगून टाकू.

रास अल खैमा म्हणजे तेव्हा एकीकडे समुद्र, दुसरीकडे डोंगर आणि मधे सिमेंटची धूळ, असं गाव. १९९१च्या डिसेंबरात तिथल्या एका सिमेंट कारखान्यातल्या बर्नार्ड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने रग्बी लीग आणली. त्याच्या गावी, उत्तर इंग्लंडच्या किनाऱ्यावर, मासेमारीवरून आलेली माणसं हा खेळ खेळत. तेरा गडी इकडे, तेरा तिकडे. लांबट चेंडू छातीशी धरून पळायचं, आणि समोरच्यांनी सहा वेळा पाडलं की चेंडू त्यांचा. कारखान्यात ड्राफ्ट्समन असलेल्या सदानंद यांनी, म्हणजे सगळ्यांच्या सदाभाऊंनी, तो खेळ पाच मिनिटं पाहिला आणि म्हणाले, ही तर आपली कबड्डी, फक्त दम धरायच्या ऐवजी चेंडू धरायचा. झालं. दुसऱ्या दिवशी सदाभाऊ अर्ध्या चड्डीत मैदानावर हजर. समुद्राकाठच्या त्या वाळूच्या तुकड्यावर मराठी, मल्याळी, पठाण, इंग्रज असे सगळे एकमेकांना पाडायला शिकले.

बर्नार्ड दोन वर्षांत परत गेला. आखातातली माणसं अशीच, व्हिसा संपला की उठून जाणारी. राहिले सदाभाऊ आणि त्यांची वही. प्रत्येक सामना, प्रत्येक गडी, कोण पडला, कोण रडला, सगळं त्यांनी ड्राफ्ट्समनच्या रेखीव अक्षरात दहा वर्षं लिहिलं. आणि आता त्या वहीवर मैदान टांगलेलं होतं. बलदियाला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, ती जागा गोदामांसाठी हवी होती. क्लब १९९२च्या आधीचा आहे असा कागद दाखवलात तर मैदान तुमचं, नाहीतर खलास. वहीच्या पहिल्या पानावर बलदियाचाच १९९१चा शिक्का होता. ती शनिवारी सकाळी आठला साहेबांच्या टेबलावर ठेवायची होती, आणि आज शुक्रवार होता.

शिवाय सदाभाऊ निवृत्त झाले होते. बावीस वर्षांनंतर पुढच्या गुरुवारी ते कायमचे पुण्याला निघणार होते. आज चार वाजता त्यांचा निरोपाचा सामना होता.

मंजुषावहिनींनी फोन ठेवता ठेवता आणखी एक वाक्य म्हटलं, अगदी हळू. "त्यांच्यासमोर तन्मयचं नाव काढू नकोस."

तन्मय त्यांचा एकुलता एक मुलगा होता.

२

किल्ल्या पूजेत, म्हणून लियाकतची टॅक्सी बोलवावी लागली. दहा दिरहम, म्हणजे एकशे तीस रुपये, असं उपेंद्र सवयीने मोठ्याने म्हणाला आणि लतिकाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुऱ्यांकडे वळला.

लतिकालाच का बोलावलं, तर त्यालाही कारण होतं. ती टाइलच्या कारखान्यात तपासनीस होती. दिवसाला शेकडो टाइली हातोडीने ठोकून बघायच्या, हे तिचं काम. धड टाइल खणखणीत वाजते, आतून तडा गेलेली बद्द वाजते, डोळ्यांना मात्र दोन्ही सारख्याच. ही सवय तिने माणसांनाही लावली होती. दोन वर्षांमागे गणपतीत मोदकांचा डबा कुणी पळवला, हे तिने चार जणांशी गप्पा मारून शोधलं होतं. (चोर उपेंद्र होता.)

क्लब म्हणजे मैदानाच्या कडेला एक पत्र्याची केबिन, मागे पाण्याच्या पंपाची खोली, आणि बाजूला मैदान राखणाऱ्या हमीदची खोली. केबिनमध्ये निरोपाचे फुगे लावले होते आणि त्या फुग्यांखाली सदाभाऊ स्टूलवर बसले होते. माणूस एका रात्रीत दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता.

काल संध्याकाळी सहाला सराव संपल्यावर त्यांनी स्वतः वही कपाटात ठेवली, कुलूप लावलं. आज नऊला उघडलं तर वही नाही. कुलूप धड. किल्ल्या तीन: एक त्यांची, एक प्रशिक्षक कीथची, एक हमीदची.

"आणखी काय गेलंय?" लतिकाने विचारलं.

सदाभाऊ म्हणाले, गेलं असेल काहीतरी, वहीपुढे बाकीच्याचं काय घेऊन बसलीस. लतिका मात्र घेऊन बसली. पहिल्या सामन्याचा जुना चामडी चेंडू जागेवर नव्हता. सदाभाऊंची पितळी शिट्टी नव्हती. हवा भरायचा पंप नव्हता. आणि ९८ साली जिंकलेला चांदीचा कप मात्र वरच्या फळीवर ऐटीत उभा होता.

चांदी सोडून सायकलवाल्यासारखा पंप नेणारा चोर लतिकाने आयुष्यात पाहिला नव्हता.

ती गुडघ्यावर बसली. खालच्या फळीच्या कोपऱ्यात रंगावर काळे ठिपके होते, चटक्यासारखे, एका ओळीत. तिने मोजले, नऊ भरले. बाहेर आली तर दारापाशी चुन्याची गाडी उभी होती, मैदानावर पांढऱ्या रेघा मारतात ती. एरवी चुन्याने लडबडलेली ती गाडी आज धुऊनपुसून लखलखत होती, चाकांना तेलसुद्धा घातलेलं होतं.

वहीत काय काय होतं, असं तिने विचारल्यावर सदाभाऊंच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. त्यांनी पहिल्या सामन्याचं पान तोंडपाठ म्हणून दाखवलं. बर्नार्ड, मग सदानंद, मग एकेक करत बारा नावं झाली. "आणि तेरावा, पाहुणा."

"पाहुणा म्हणजे कोण?"

सदाभाऊंनी मान वळवली. म्हणाले, होता एक, पहिल्या वर्षी फक्त कारखान्याच्या माणसांचीच नावं लिहायची असा नियम होता. ते बोलणं खणखणीत नव्हतं. लतिकाने ते कानात ठेवून दिलं आणि कीथला शोधायला निघाली.

३

कीथ मैदानाच्या टोकाला खांबांभोवती फोमची गादी बांधत होता. हा गोरापान, लालबुंद मानेचा माणूस १९९३ साली आला, आणि म्हणूनच त्याच्या मते क्लबही १९९३ सालीच जन्मला. त्याआधी जे काही चालायचं ते वाळूतलं लोळणं होतं, असं तो दर पार्टीत सांगायचा. वही मराठीत, त्यामुळे त्याला वाचता येत नव्हती, आणि जे वाचता येत नाही त्यावर त्याचा विश्वास नव्हता. काल सरावानंतर याच गोष्टीवरून सदाभाऊंशी त्याची चांगलीच जुंपली होती. क्लबचा संस्थापक म्हणून स्वतःचं नाव लागावं असं त्याला वाटत होतं, हे काही गुपित नव्हतं. वही नसली तर १९९१ही नाही.

लतिकाने त्याला फक्त एवढंच सांगितलं की तुझी कपाटाची किल्ली जरा दाखव.

कीथने एक खिसा चाचपला, मग दुसरा, मग मोज्यात हात घातला. मानेची लाली कानांपर्यंत चढली. शेवटी त्याने कबूल केलं की किल्ली गेल्या रमजानपासून सापडत नाही. अकरा महिने तो रोज सकाळी हमीदकडून कपाट उघडून घेत होता आणि सदाभाऊंना सांगायची लाज वाटत होती, कारण शिस्तीवर भाषणं देणारा तोच होता.

हे खणखणीत वाजलं. लाजेचं खोटं वेगळं आणि चोरीचं वेगळं. कीथ पुढे हेही म्हणाला की वर्षं दहा असोत की आठ, मैदान गेलं तर त्यालाही दुसरं घर नाही. वही मिळाली तर वाटल्यास मराठी शिकेन. मग आवाज उतरवून त्याने विचारलं, तन्मयला विचारलंस का. काल साडेपाचला तो केबिनच्या मागच्या दारातून बाहेर पडताना दिसला होता. शर्टाखाली काहीतरी लपवलेलं होतं.

४

तन्मय बावीस वर्षांचा, जन्मापासून इथेच वाढलेला, आईबाबा पुण्याला गेले तरी इथेच राहणार होता. मराठी कळायचं, बोलायचाही, पण उत्तर इंग्रजीत यायचं, आणि वाचन म्हणाल तर अक्षर अक्षर लावत. दोन वर्षांपूर्वी, ९९च्या अंतिम सामन्यात, शेवटच्या मिनिटाला रेषेच्या हातभर अलीकडे त्याच्या हातून चेंडू सुटला आणि क्लब हरला. घरी आल्यावर त्याने बापाची वही उघडली. सदाभाऊंनी लिहिलं होतं: "तन्मयच्या हातून चेंडू सुटला." बास. त्या दिवसापासून पोराने बूट घातले नव्हते, आणि बापलेकांत कामापुरतंच बोलणं होतं.

आता कळलं ना, सदाभाऊ पोलिसांना का बोलवत नव्हते. परवाच तन्मयने त्यांच्याकडून कपाटाची किल्ली मागून नेली होती आणि काल संध्याकाळी परत दिली होती; तेवढ्यात त्याने दुसरी करून घेतली असेल तर? ते पान कुणाला नकोसं असेल तर एकालाच.

तो समुद्राच्या बाजूच्या कठड्यावर बसला होता. लतिका शेजारी जाऊन बसली आणि काही विचारलंच नाही. पाच मिनिटांनी त्यालाच राहवेना.

"आय डिडन्ट टेक इट, आंटी," तो म्हणाला. मग मराठीत, सावकाश, "पण काल मी आत काय करत होतो ते आज चारच्या आधी सांगणार नाही. प्लीज."

लतिकाने त्याच्या हाताकडे पाहिलं. बोटांना शाई लागलेली होती आणि पाठीवरच्या पिशवीतून मराठी-इंग्रजी शब्दकोशाचा कोपरा डोकावत होता, वापरून वापरून दुमडलेला. वही फाडायला शब्दकोश लागत नाही. तिने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, चारपर्यंत मी थांबीन, पण एक सांग, काल तू निघालास तेव्हा वही कपाटात होती? होती. बाबांनी नंतर सरावाची नोंद करायला काढली आणि सहाला परत ठेवली. म्हणजे तू गेल्यावर. हो.

तर मग किल्ली उरली एकाचीच, आणि ते नाव घ्यायला कुणाचीच जीभ वळत नव्हती. हमीद गरीब, भला, दहा वर्षांच्या ओळखीचा माणूस. त्याला विचारणं म्हणजेच आळ घेणं, असं सगळ्यांना वाटत होतं. त्यामुळे सकाळपासून त्याच्याकडे कुणी गेलंच नव्हतं. लतिका उठली आणि सरळ त्याच्या दाराशी गेली.

दाराला कुलूप होतं. खुंटीवरची त्याची प्रवासाची पिशवी खिडकीतून दिसायची, ती नव्हती.

५

मग व्हायचं तेच झालं. बाराच्या सुमारास खेळाडू जमायला लागले आणि अर्ध्या तासात हमीद पळाला ही बातमी मैदानभर झाली. लियाकत टॅक्सीवाल्याने त्यात तेल ओतलं. पहाटे साडेपाचला आपण स्टँडवर हमीदला पाहिलं, दुबईच्या गाडीत बसत होता, हातात पिशवी, फार घाईत, असं तो सांगू लागला. कुणी म्हणालं, गोदामवाल्यांनी त्याला पैसे चारले असणार. ज्यांना काल हमीदने बूट शिवून दिले होते तेही मान हलवू लागले. माणसाचं नाव जायला किती वेळ लागतो, बघा.

पंपाच्या खोलीलाही नवंकोरं कुलूप आहे, हे कुणाच्या तरी लक्षात आलं. ती खोली कधीच कुलपात नसायची. फोडा, फोडा, झालं. एकाने लोखंडी पहार आणली.

सदाभाऊ पुढे आले आणि पहार धरणाऱ्याचा हात धरला. "हमीदचं कुलूप फोडायचं नाही. वही गेली तर गेली." म्हणाले खरे, पण डोळे तन्मयकडे गेले, आणि तन्मयने ती नजर पाहिली. पोराचा चेहरा उतरला. बाप आपल्याला चोर समजतोय, हे त्याला त्या क्षणी कळलं.

 लतिका दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली. "सदाभाऊ," ती म्हणाली, "आज वार कुठला?"

"शुक्रवार."

"आणि तिथी?"

सदाभाऊ बोटांवर तिथी मोजू लागले. मग त्यांचं तोंड हळूहळू उघडलं.

६

"सांगू नका, मीच सांगते," लतिका म्हणाली, आणि पायरीवर बसली, कारण पायांना आता सुट्टी हवी होती. कीथसाठी उपेंद्र इंग्रजीत सांगत होता. तो चालत चालत, घामाघूम होऊन, श्रीखंडाविना येऊन पोचला होता.

ती म्हणाली, चोराने काय सोडलं ते आधी बघा. चांदीचा कप. आणि नेलं काय? वही, चेंडू, शिट्टी, पंप. या चार गोष्टींत सारखं काय? या मिरवायच्या वस्तू नाहीत, कामाच्या आहेत. पाचवी कामाची वस्तू चुन्याची गाडी. ती न्यायला जड, म्हणून जागच्या जागी धुऊन, तेल घालून ठेवली. चोरी करायला आलेला माणूस गाडी धुवत बसेल का? आज सकाळी माझ्याही घरातून गाडीच्या किल्ल्या, कॅल्क्युलेटर आणि विळी 'चोरीला' गेलीय. चोर मी.

मराठी मंडळींत एक कुजबुज उठली. कुणीतरी कपाळावर हात मारला.

कपाटात नऊ काळे ठिपके आहेत, लतिका पुढे म्हणाली. उदबत्तीचे चटके ते. वर्षाला एक. क्लब निघाला ९१च्या डिसेंबरात. पहिला दसरा आला ९२ साली. तिथून गेल्या वर्षापर्यंत मोजा, नऊच होतात. कीथ, तुला मराठी येत नसेल, नऊपर्यंत मोजता येतं ना? कीथने बोटं मोजली आणि आयुष्यात पहिल्यांदा क्लबच्या वयाबद्दल काही बोलला नाही.

"दर वर्षी खंडेनवमीला तुम्ही गुपचूप इथे पूजा करायचा, सदाभाऊ. कुणालाही न सांगता. सोबतीला कोण असायचं?"

 सदाभाऊ म्हणाले, हमीद. तो वस्तू धुऊन द्यायचा, बाहेर उभा राहायचा, कुणाला आत येऊ द्यायचा नाही. पूजेला बसायचा नाही, पण कापड मात्र त्यानेच धुतलेलं असायचं. या वर्षी सोमवारी मंजुषाने सामान कार्गोला दिलं, त्यात देव गेले, भिंतीवरचं कॅलेंडरही गेलं. "दसरा आहे हेच विसरलो गं मी. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा."

विसरले तुम्ही. तो नाही विसरला, लतिका म्हणाली. या वर्षी केबिनमध्ये फुगे, बूट, वाळू. स्वच्छ, फरशी घातलेली जागा एकच, पंपाची खोली. म्हणून तिला कुलूप. आणि तो दुबईला का गेला, ते मला वाटतं मला ठाऊक आहे, पण थोडा वेळ थांबू या. जुम्म्याची नमाज होऊन निघाला असेल तर येईलच.

आलाच. पावणेतीनला स्टँडवरून एक मध्यमवयीन दाढीवाला माणूस पिशवी छातीशी धरून, अगदी रग्बीच्या चेंडूसारखी धरून, झपाझप चालत आला. पिशवीतून पिवळाधमक झेंडू बाहेर डोकावत होता.

७

एवढी माणसं आणि एक पहार पाहून हमीद थबकला. त्याने बर दुबईच्या देवळाच्या गल्लीतून फुलं आणली होती. इथे रास अल खैमात झेंडू मिळत नाही, आणि सदासाब दर वर्षी स्वतः जाऊन आणायचे, हे त्याला माहीत होतं. किताब कुठे आहे, असं सदाभाऊंनी कसंबसं विचारलं. हमीद चकित झाला.

"किताब तो आराम कर रही है, साब. नौ साल से आप ही बोलते हैं, आज के दिन इनको छुट्टी. कोई हाथ नहीं लगाएगा, कोई खोलेगा नहीं."

त्याने कुलूप उघडलं. धुतलेल्या फरशीवर पाट, पाटावर पांढरंशुभ्र कापड, आणि त्यावर वही, चेंडू, शिट्टी, पंप. चौघंही शिस्तीत, ओळीने, सामन्याआधी उभे राहावेत तसे. पहार धरणारा गडी ती पाठीमागे लपवायला लागला. लियाकत पुढे झाला आणि हमीदच्या हातातली पिशवी स्वतः घेतली. माफी मागायची त्याची तीच रीत होती.

पूजा झाली. मंजुषावहिनींनी झेंडू वाहिला, दहावी उदबत्ती लागली, कीथ बूट काढून रांगेत उभा राहिला. मग सदाभाऊंनी वही कपाळाला लावली, आणि सगळ्यांसमोर मुलाकडे वळले. "मी तुझ्यावर संशय घेतला, तन्मय. माझं चुकलं."

"आय नो, बाबा," तन्मय म्हणाला. त्याने पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला. तीन महिने तो शब्दकोश घेऊन वहीचं इंग्रजी करत होता, बापाला चार वाजता भेट द्यायला, म्हणजे कीथलाही वाचता येईल. काल शर्टाखाली तेच कागद होते. तो म्हणाला, त्या दिवशी मी एकच ओळ वाचली होती, बाबा. माझं वाचन स्लो आहे. पुढची ओळ या ऑगस्टमध्ये वाचली.

त्याने वही उघडून ती ओळ मराठीत वाचली, अक्षर अक्षर लावत. "तन्मयच्या हातून चेंडू सुटला. सुटला, कारण तेरांपैकी तो एकटाच तिथवर पोचला होता."

सदाभाऊंनी मुलाला कवेत घेतलं. दोन वर्षांचं अंतर त्यांनी एका मिठीत भरून काढलं, आणि मंजुषावहिनी पदराने डोळे पुसत हसत सुटल्या.

"एक जागा मी ब्लँक ठेवलीय," तन्मय जरा वेळाने म्हणाला. "पहिल्या मॅचचा तेरावा. मी सगळ्यांना विचारलं. नोबडी नोज."

लतिकाला सकाळचं ते बद्द वाजलेलं वाक्य आठवलं. तिने सदाभाऊंकडे पाहिलं. दसऱ्याला उत्तरपूजा झाली की पहिलं अक्षर शुभ लिहायचं असतं. सदाभाऊंनी खिशातलं पेन काढलं, पहिल्या सामन्याचं पान उघडलं, आणि 'पाहुणा'पुढे रेखीव अक्षरात लिहिलं: हमीद. तेव्हा तो शेजारच्या होड्यांच्या वखारीत रखवालदार होता. बारा गडी जमले होते आणि सामना रद्द व्हायची वेळ आली होती, तेव्हा तो चप्पल काढून आत आला होता. कारखान्याचा नव्हता म्हणून नाव लिहिलं नाही, आणि पुढे दहा वर्षं राहूनच गेलं. या वहीत एवढीच एक गोष्ट मी मुद्दाम चुकीची लिहिली, असं सदाभाऊ म्हणाले.

हमीदला आपलं नाव वाचता येत नव्हतं. तन्मयने त्याचं बोट धरून त्या अक्षरांवर ठेवलं.

"मैं तो बस खड़ा था, साब," हमीद म्हणाला.

"तुम खड़े थे, तभी तो टीम बनी," सदाभाऊ म्हणाले.

चार वाजता सामना झाला. तन्मयने बूट घातले. सदाभाऊंच्या बाजूला एक गडी कमी पडत होता, खरं म्हणजे कीथने ऐन वेळी गुडघा धरून स्वतःला बाहेर काढलं होतं, आणि आत कोण जाणार यावर चर्चा झाली नाही. हमीद पन्नाशीचा, पण त्याला पाडायला चौघं लागले. शनिवारी आठला बलदियाच्या साहेबांनी स्वतःच्या कचेरीचा जुना शिक्का ओळखला, पानं चाळली, समजलं काहीच नाही, पण पानांत राहिलेला झेंडू पाहून हसले आणि सही केली. मैदान राहिलं.

उपेंद्रच्या किल्ल्यांची उत्तरपूजा शुक्रवारी संध्याकाळी सातला झाली. श्रीखंड शनिवारी खाल्लं.

गुरुवारी सदाभाऊ विमानात बसले तेव्हा हातात तन्मयचे कागद होते. वही मागे राहिली होती, कपाटात, हमीदच्या किल्लीखाली. शुक्रवारी सरावानंतर तन्मयने ती काढली आणि बराच वेळ पेन चावत बसला. मग त्याने वाकड्यातिकड्या मराठीत पहिली नोंद लिहिली. लतिका शेजारीच उभी होती, तिने वाचली.

"आज सराव झाला. बाबा नव्हते. आम्ही तेराजण होतो, सगळ्यांची नावं खाली दिली आहेत."